रिपोर्टमधला 'आर': स्टॅफिलोकोकस औषधांना का जुमानत नाही

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना अडखळलो ते काढलंय, दोन-चार वाक्यं नीट केलीत. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय घरातूनच आलाय.

गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं, चालायलाही लागले. दहाव्या दिवशी टाक्यांच्या जागी लाली दिसली, मग ताप, मग पू. पू तपासायला पाठवला आणि दोन-तीन दिवसांनी कल्चर रिपोर्ट हातात आला. असा रिपोर्ट तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. एका बाजूला अँटिबायोटिकांची यादी असते आणि प्रत्येक नावासमोर एक अक्षर. 'एस' म्हणजे सेन्सिटिव्ह, हे औषध चालेल. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, या औषधाला जंतू दाद देत नाही. बाबांच्या रिपोर्टमध्ये वरून खाली आर, आर, आर, आणि पार खाली व्हँकोमायसिनसमोर एस. सगळ्यात वर ठळक अक्षरांत जंतूचं नाव: स्टॅफिलोकोकस ऑरियस, एमआरएसए.

भेटायला आलेल्या आत्याने निदान करून टाकलं. "याला लहानपणापासून गोळ्यांची सवय. अंगाला सवय झाली की औषध लागू पडत नाही." बाबा काही बोलले नाहीत. रात्री मी त्यांच्याजवळ झोपायला होतो, तेव्हा हळूच म्हणाले, "मी कोर्स अर्धवट सोडायचो ना रे. माझ्यामुळेच झालं का हे?"

मला उत्तर येत नव्हतं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बारावीनंतर बायोलॉजीशी संबंध नाही. पण आमच्या कामात एक शिस्त असते. प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की रूट कॉज शोधायचा, आणि तो शोधताना समोरच्या माणसावर बोट ठेवण्याआधी अख्खी सिस्टिम बघायची. तर मी बघायला लागलो. बाबा बरे होऊन घरी आले तरी माझं वाचन चालूच राहिलं. त्या वाचनाचा हा एपिसोड.

सुरुवात करू स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनपासून. साल १८८०. अलेक्झांडर ऑगस्टन नावाचा सर्जन. त्या काळात सर्जनचा खरा शत्रू म्हणजे पू. ऑपरेशन जमायचं, जखम चिघळायची, माणूस जायचा. ऑगस्टनने गळवांमधला पू काढून मायक्रोस्कोपखाली बघायला सुरुवात केली. घराच्या मागच्या बाजूला त्याने स्वतःची छोटी लॅब उभारली होती. जंतू वाढवायला त्याने चक्क कोंबडीची ताजी अंडी वापरली. त्याला पुवात गोल गोल कण दिसले, काही माळेसारखे, काही घोसासारखे. माळेवाल्यांना स्ट्रेप्टोकोकस हे नाव आधीच होतं. घोसवाल्यांना १८८२ मध्ये त्याने नाव दिलं स्टॅफिलोकोकस. ग्रीकमध्ये 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षांचा घड. दोन वर्षांनी रोझेनबाख या जर्मन डॉक्टरने त्यातल्या सोनेरी वसाहती करणाऱ्याला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, म्हटलं.

नाव ग्रीक-लॅटिन असलं तरी ओळख आपली जुनीच आहे. केसतूड येतं ना, काखेत नाहीतर मांडीवर? किंवा डोळ्याच्या पापणीवर रांजणवाडी? बहुतेक वेळा ते काम याचंच. आणि महत्त्वाची गोष्ट ही की हा काही बाहेरून येणारा गुंड नाही. साधारण दर तीन माणसांतल्या एकाच्या नाकात हा मुक्कामाला असतो. काहीही न करता, भाडेकरूसारखा. आत्ता हे ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या नाकात तो आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९२८. पेनिसिलीनच्या शोधाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल, अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परत येतो, एका प्लेटवर बुरशी, बुरशीच्या भोवती जंतू मेलेले. पण त्या प्लेटवर जंतू कुठले होते, हे शाळेत कुणी सांगत नाही. ते स्टॅफच होते. म्हणजे अँटिबायोटिकांच्या युगाचा पहिला बळी हाच. फ्लेमिंगच्या १९२९ च्या पेपरमध्ये आणखी एक गोष्ट आहे: पेनिसिलीनने काही जंतू मरतच नाहीत, हे त्याने तेव्हाच नोंदवलंय. उलट त्याचाच उपयोग करून घेतला. प्लेटवर पेनिसिलीन टाकलं की बाकीची गर्दी मरते आणि त्याला हवा असलेला इन्फ्लुएंझाचा बॅसिलस तेवढा उरतो. म्हणजे गाळणी म्हणून. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली तिथेच पडलेली होती. पेनिसिलीन गाळतं. मरणारे मरतात, न मरणारे उरतात, आणि उरलेल्यांना जागा मोकळी मिळते.

पुढची दहा-बारा वर्षं पटकन सांगतो. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन, हीटली यांनी ही बुरशी हातात घेतली आणि मे १९४० मध्ये उंदरांवरचा प्रयोग यशस्वी झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अब्राहम आणि चेन या दोघांचं एक छोटं पत्र 'नेचर'मध्ये आलं: काही जंतू एक एन्झाइम बनवतात आणि ते एन्झाइम पेनिसिलीनचा चुराडा करतं. त्याला त्यांनी नाव दिलं पेनिसिलिनेज. हे त्यांना स्टॅफमध्ये सापडलेलं नव्हतं, दुसऱ्या एका जंतूत, आज ज्याला ई. कोलाय म्हणतात त्यात सापडलं. पण तारखा बघा. डिसेंबर १९४०. अल्बर्ट अलेक्झांडर या ऑक्सफर्डच्या पोलीस शिपायाला पेनिसिलीनचं पहिलं इंजेक्शन मिळालं १२ फेब्रुवारी १९४१ ला. औषध फोडण्याचं हत्यार आधी छापून आलं आणि आजारी माणसावरचा पहिला उपचार नंतर.

त्या शिपायाची गोष्ट वाईट आहे. चेहऱ्यावरची जखम, त्यात स्टॅफ आणि स्ट्रेप दोन्ही. पाच दिवसांत सुधारणा, ताप उतरला, जेवायला लागला. आणि औषध संपलं. अख्ख्या जगात तेवढंच होतं. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून त्यालाच टोचायचे, तरी पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला. इथे रेझिस्टन्सचा काही संबंध नाही, निव्वळ तुटवडा. पण तुटवडा काय करतो आणि सुळसुळाट काय करतो, हे शेजारी शेजारी ठेवून बघायला हवं म्हणून सांगितलं. कारण पाच वर्षांत चित्र उलटलं. युद्धासाठी अमेरिकेत कारखाने उभे राहिले आणि युद्ध संपता संपता पेनिसिलीन सगळीकडे मिळायला लागलं.

डिसेंबर १९४५. फ्लेमिंगला नोबेल मिळालं. भाषणात त्याने एक इशारा दिला, तो आजही खूप फिरतो. थोडक्यात असा: एक गृहस्थ, त्याचा घसा दुखतो, दुकानातून पेनिसिलीन आणतो, कमी घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग तो जंतू बायकोला लागतो, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही, ती मरते. दोष कोणाचा? नवऱ्याचा.

मंडळी, हे बाबांचंच वाक्य आहे. 'माझ्यामुळे झालं का?' ऐंशी वर्षांपूर्वी स्टॉकहोममध्ये ते पहिल्यांदा इतक्या मोठ्या व्यासपीठावरून बोललं गेलं. फ्लेमिंगबद्दल आदर ठेवून सांगतो, स्टॅफच्या बाबतीत ही गोष्ट फसवी निघाली. आणि ती फसवी आहे हे दाखवणाऱ्या बाईचं नाव आपल्याला माहीत नसतं.

मेरी बार्बर. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधली बॅक्टेरिऑलॉजिस्ट. ती काय करत होती, तर हॉस्पिटलमधल्या पेशंटकडून स्टॅफ गोळा करायचे आणि त्यातले किती पेनिसिलीनला दाद देत नाहीत ते मोजायचं. १९४६ मध्ये आकडा आला साधारण १४ टक्के. १९४७ मध्ये ३८. १९४८ मध्ये ५९. तीन वर्षांत, एका शहरात! तुमच्या ॲपचा ग्राफ असा चढला तर तुम्ही पार्टी कराल.

प्रश्न असा होता की हे झालं कसं. दोन शक्यता. एक, फ्लेमिंगवाली: जंतूला थोडं थोडं औषध मिळतं, तो सरावतो, शिकतो. आत्याच्या भाषेत, सवय होते. दुसरी शक्यता अशी की आधीपासूनच काही मोजके स्टॅफ पेनिसिलिनेज बनवणारे होते. बाकीचे मेले, यांना रान मोकळं मिळालं, आणि ते एका पेशंटकडून दुसऱ्याकडे पसरले.

बार्बरने फरक कसा पकडला ते बघा, मला हे फार आवडलं. लॅबमध्ये स्टॅफला हळूहळू वाढत्या डोसची 'सवय' लावता येते. ते तिने बघितलं. पण असे सरावलेले जंतू मरतुकडे असतात, नीट वाढत नाहीत, आणि औषध काढून घेतलं की पुन्हा पूर्वीसारखे नरम होतात. मुख्य म्हणजे ते पेनिसिलिनेज बनवत नाहीत. वॉर्डमधले जंतू मात्र दणकट, आणि ते पेनिसिलिनेज बनवत होते. म्हणजे वॉर्डमध्ये जे चाललं होतं ते शिक्षण नव्हतं, निवड होती. गाळणी. तिचा निष्कर्ष असा की हे जंतू आधीपासून होते, औषधाने त्यांची निवड केली आणि हॉस्पिटलने त्यांचा प्रसार केला. प्रसार म्हणजे कसा? हात. चादरी. ड्रेसिंगची ट्रॉली. आणि आठवतंय ना, नाक.

म्हणजे पेशंटने स्वतः कधी पेनिसिलीन घेतलं नसलं तरी ॲडमिट झाल्यावर त्याला शेजारच्या कॉटवरचा रेझिस्टंट स्टॅफ लागू शकत होता. कोर्स पूर्ण केला की अर्धवट सोडला, हा प्रश्नच तिथे येत नाही.

(इथे एक ब्रेक घेतला होता, पाणी प्यायला. चालू.)

जरा मशीन उघडून बघू. स्टॅफच्या बाहेर एक भिंत असते, जाळीसारखी विणलेली. जंतू वाढताना जाळीचे धागे एकमेकांत अडकवायचं काम काही एन्झाइम करतात. ते एन्झाइम म्हणजे कुलूप समजा आणि धाग्याचं टोक म्हणजे किल्ली. पेनिसिलीनचा आकार त्या किल्लीसारखाच दिसतो. ते कुलपात शिरतं आणि आत तुटून अडकतं. कुलूप कायमचं जाम. भिंत विणली जात नाही, जंतू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला काही होत नाही.

पेनिसिलिनेज काय करतं? बनावट किल्ली कुलपापर्यंत पोचायच्या आधीच मोडून टाकतं. हे एन्झाइम बनवायची कृती स्टॅफमध्ये बरेचदा प्लाझ्मिडवर असते. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य डीएनएपासून सुटा असा डीएनएचा छोटा गोल तुकडा. पेनड्राइव्ह म्हणा. एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. मुलांना वारसाहक्काने मिळतोच, पण शेजाऱ्यालाही देता येतो. आम्ही जसा दुसऱ्याने लिहिलेला कोड न वाचता चिकटवतो, अगदी तसं.

याच काळात, १९५३ च्या सुमारास, सिडनीत प्रसूती हॉस्पिटलांमध्ये नवजात बाळांना स्टॅफचे फोड यायला लागले. तिथल्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलच्या फिलिस राउंट्री यांनी त्या जंतूचा पिच्छा पुरवला. स्टॅफच्या जाती ओळखायची तेव्हाची पद्धत म्हणजे कुठला विषाणू कुठल्या जातीला मारतो ते बघायचं, आणि त्याप्रमाणे नंबर द्यायचे. सिडनीत हिला नंबर पडला ८०. कॅनडात अशाच साथीतल्या जातीला ८१ म्हटलं गेलं. नंतर कळलं दोन्ही एकच. म्हणून नाव ८०/८१. एकाच बगचे दोन तिकिट नंबर, तसलाच प्रकार. पेनिसिलीनला न जुमानणारी आणि अंगाने जहाल, अशी ही जात ब्रिटन, अमेरिका सगळीकडे पोचली. बाळ घरी जायचं आणि जाताना घरच्यांसाठी स्टॅफ घेऊन जायचं.

आणि आपल्याकडे? १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन बनायला लागलं. पुण्यातले लोक त्या भागाला अजून 'एचए' म्हणतात. मी रोज बाइकवरून तिथून जातो आणि इतकी वर्षं मला एचए म्हणजे फक्त एक बसस्टॉप वाटत होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण नाहीतर हा एपिसोड ऐकून वाटेल की अँटिबायोटिक ही चूकच होती. अजिबात नाही. पेनिसिलीन मिळत नव्हतं तेव्हा काय व्हायचं, ते त्या पोलीस शिपायाच्या गोष्टीत ऐकलंत. देशाने ते स्वतः बनवायचं ठरवलं हे योग्यच होतं. फक्त लंडन आणि सिडनीतले आकडे तेव्हा छापलेले होते.

आता एमआरएसएमधला 'एम'. मेथिसिलीन. इंग्लंडच्या बीचम कंपनीच्या लोकांनी पेनिसिलीनचा गाभा वेगळा काढला आणि त्याला निरनिराळ्या शेपट्या जोडायला लागले. त्यातली एक शेपटी इतकी आडमाप होती की पेनिसिलिनेजला ती किल्ली पकडूनच मोडता येईना. हे औषध १९६० मध्ये 'सेलबेनिन' नावाने ब्रिटनमध्ये आलं. सगळ्यांना वाटलं, सुटलो एकदाचे.

लंडनजवळ कॉलिंडेलला स्टॅफची रेफरन्स लॅबोरेटरी होती. देशभरातून स्टॅफचे नमुने तिथे यायचे. तिथल्या पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी पाच हजारांहून जास्त नमुने या नव्या औषधावर तपासले. तीन निघाले रेझिस्टंट. तिन्ही एकाच हॉस्पिटलमधले. जानेवारी १९६१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचं पत्र आलं. औषध बाजारात येऊन जेमतेम काही महिने झालेले. पाच हजारांत तीन, म्हणून फार कुणी मनावर घेतलं नाही. तो पहिला नमुना थंड, कोरड्या अवस्थेत नळीत बंद करून ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहात ठेवला गेला. त्याचा नंबर १०४४२. ती नळी लक्षात ठेवा.

या जंतूची युक्ती वेगळी होती. तो किल्ली मोडत नव्हता, त्याने कुलूपच बदललं होतं. त्याच्याकडे भिंत विणणारं एक जादा एन्झाइम होतं, पीबीपी-२ए, आणि त्याला बनावट किल्ली नीट बसतच नाही. मूळची सगळी कुलपं जाम झाली तरी हे एक चालू राहतं आणि भिंत विणली जाते. यामुळे नुसतं मेथिसिलीनच नाही, त्या घराण्यातली जवळजवळ सगळी औषधं एका फटक्यात बाद. म्हणून बाबांच्या रिपोर्टमध्ये आर-आर-आरची रांग. मेथिसिलीन आता कुणी वापरत नाही, नाव तेवढं उरलंय. या जादा कुलपाचं जीन म्हणजे मेक-ए. आणि ते डीएनएच्या एका मोठ्या उचलून नेता येण्याजोग्या तुकड्यावर बसलेलं असतं, हे जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये उलगडून दाखवलं.

बरं, मग मेथिसिलीन १९६० मध्ये आलं आणि जंतू काही महिन्यांत 'शिकला'? नाही. २०१७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या संशोधकांनी जुन्या संग्रहांमधल्या नळ्या उघडल्या. १९६० पासूनचे २०९ जुने नमुने जिवंत केले आणि त्यांचे पूर्ण जीनोम वाचले. डीएनएमध्ये बदल साधारण ठराविक वेगाने साठत जातात, त्यावरून मागे मोजत जाता येतं, गिटची हिस्टरी मागे मागे बघत जावी तसं. उत्तर आलं: या जातीने मेक-ए उचललं १९४० च्या दशकाच्या मध्याला. मेथिसिलीन यायच्या चौदा-पंधरा वर्षं आधी! म्हणजे मेथिसिलीन चालणार नाही असा जंतू पेनिसिलीनच्या सुळसुळाटातच निवडला गेला होता. नवं औषध आलं तेव्हा तो दाराशी उभाच होता.

हे वाचून मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत गेलो होतो. खरंच. कारण यानंतर 'नवीन औषध काढू, प्रश्न संपेल' या वाक्यावर माझा पूर्वीसारखा विश्वास राहिला नाही.

पण गोष्ट याच्याही मागे जाते, आणि ती जाते हेजहॉगकडे. हेजहॉग म्हणजे तो युरोपातला मूठभर आकाराचा काटेरी प्राणी. साळिंदर नव्हे, दोघांचं लांबूनही नातं नाही. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये गायीच्या दुधात एक वेगळाच एमआरएसए सापडला, त्यात मेक-एचं भावंड होतं, मेक-सी. सगळ्यांना वाटलं, गोठ्यात अँटिबायोटिक वापरतात त्याचा परिणाम. मग डेन्मार्क-स्वीडनमधल्या हेजहॉगांच्या नाकातून, कातडीवरून नमुने घेतले, तर काही ठिकाणी निम्म्याहून जास्त हेजहॉग हा मेक-सीवाला स्टॅफ घेऊन फिरत होते. त्यांना कोण अँटिबायोटिक देणार? उत्तर त्यांच्या कातडीवरच होतं. तिथे एक बुरशी राहते आणि ती पेनिसिलीनसारखी रसायनं स्वतः बनवते. त्याच कातडीवर स्टॅफलाही राहायचं आहे. म्हणजे एका हेजहॉगच्या पाठीवर फ्लेमिंगची प्लेट अखंड चालू होती. २०२२ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. जीनोमवरून मागे मोजलं तर या जाती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जातात, ऑगस्टनच्याही आधी, अँटिबायोटिक हा शब्दही नव्हता तेव्हा.

तर जंतूला 'सवय' होत नाही, बाबांच्या अंगाला तर नाहीच नाही. हत्यारं निसर्गात आधीपासून पडलेली आहेत. आपण औषध वापरतो तेव्हा ती हत्यारं कोणाकडे आहेत एवढंच उघडं पडतं, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांची भरभराट होते. यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. सर्दी-खोकल्याला, जिथे गरजच नसते तिथे तुम्ही अँटिबायोटिक घेता तेव्हा ते फक्त घशात जात नाही. नाकातल्या त्या भाडेकरूवरही गाळणी चालते. त्याने तुमचं काही बिघडवलेलं नसतं. तिथे नरम स्टॅफ मेले आणि एखादा दणकट असेल तर घर त्याचं. या हिशेबात गोळ्या जितक्या जास्त तितकी गाळणी जास्त चालते. म्हणून 'कोर्स पूर्ण केला नाही तर रेझिस्टन्स येतो' हे वाक्य इतकं सरळ नाही, असं २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या काही तज्ज्ञांनी जाहीरपणे लिहिलं आणि त्यावर बराच वाद झाला. याचा अर्थ उद्यापासून मनाने गोळ्या बंद करा असा नाही हां! टीबीसारख्या आजारात तर ते जिवावर बेतेल. किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरच ठरवणार.

व्हँकोमायसिनचं दोन मिनिटांत सांगतो. बोर्निओच्या जंगलातल्या मातीतून आलेला जंतू, त्यापासून अमेरिकेत बनवलेलं औषध, १९५८ मध्ये मान्यता. सुरुवातीला इतकं गढूळ यायचं की त्याला 'मिसिसिपीचा चिखल' म्हणायचे. मेथिसिलीन आल्यावर ते मागे पडलं आणि एमआरएसए वाढल्यावर कपाटातून परत बाहेर आलं. १९९६ मध्ये जपानमध्ये जाड भिंतीचा, व्हँकोमायसिनला अर्धवटच दाद देणारा स्टॅफ सापडला. २००२ मध्ये अमेरिकेत मिशिगनला एका डायलिसिसच्या पेशंटच्या जखमेत पूर्ण रेझिस्टंट. त्याने ते जीन चक्क दुसऱ्या जातीच्या जंतूकडून, एन्टेरोकोकसकडून घेतलं होतं. पेनड्राइव्ह, पुन्हा. सुदैवाने असे पूर्ण रेझिस्टंट स्टॅफ अजून फार थोडे सापडलेत. बाबांच्या रिपोर्टमधला तो एकमेव एस त्यामुळे शिल्लक होता.

आकडे फार टाकत नाही, दोनच. भारतातल्या पंधरा मोठ्या हॉस्पिटलांच्या नेटवर्कने २००८ आणि २००९ मध्ये मोजलं तेव्हा स्टॅफ ऑरियसपैकी साधारण ४० टक्के एमआरएसए होते. आणि २०१९ या एका वर्षात जगभरात एमआरएसएमुळे एक लाखाहून जास्त मृत्यू झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये आला.

पण मेरी बार्बर अजून संपलेली नाही. ती १९५८ च्या सुमारास हॅमरस्मिथला परत आली आणि तिने तिथे नियम बसवले. पेनिसिलीन उठसूट नाही, खरंच गरज असेल तरच. बरीचशी औषधं जोडीने द्यायची. शिवाय एकाकडून दुसऱ्याकडे जंतू जाऊ नयेत म्हणून काटेकोरपणा. १९६० मध्ये तिने पेपर छापला, शीर्षकातच रेझिस्टन्स 'उलटवला' असं म्हटलेलं. आणि खरंच आकडा खाली आला होता. गाळणी थांबवली की दणकट जंतूंचा फायदा जातो. पाच वर्षांनी, १९६५ मध्ये, ती मोटार अपघातात गेली.

चाळीस वर्षांनी इंग्लंडला हे पुन्हा शिकावं लागलं. २००३-०४ मध्ये तिथल्या हॉस्पिटलांत रक्तात एमआरएसए झाल्याच्या सात हजारांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या. पेपरांत गदारोळ, सरकारवर टीका. प्रत्येक हॉस्पिटलने आकडा कळवणं आधीच सक्तीचं होतं, मग निम्म्यावर आणायचं टार्गेट दिलं, कॉटजवळ हात साफ करायचं जेल ठेवलं, ऑपरेशनआधी पेशंटच्या नाकातला नमुना तपासायला लागले. २००८ पर्यंत आकडा निम्म्याखाली आला आणि पुढेही उतरत राहिला. या सगळ्यात नवं औषध कुठेच नाही. हात धुतले, नाकं तपासली आणि मोजलेलं सगळ्यांसमोर मांडलं.

बाबांच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनआधी त्यांच्या नाकाचा नमुना घेतला नव्हता. म्हणजे तो जंतू घरून आला की तिथे लागला हे आम्हाला कधीच कळणार नाही. मी कुणावर आरोप करत नाहीये. ड्रेसिंग करणारी सिस्टर एका वेळी किती पेशंट बघत होती तेही मी पाहिलंय. पण बाबांच्या प्रश्नाला एक उत्तर आता माझ्याकडे आहे. तीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेल्या गोळ्यांमुळे गुडघ्यात एमआरएसए झाला, असं म्हणायला काही आधार नाही.

बाबा पॉडकास्ट ऐकत नाहीत, वाचतात. म्हणून हा एपिसोड त्यांना आधी छापून दिला. चष्मा लावून पूर्ण वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, मेरी बार्बरच्या नावाखाली पेनने रेघ मारली. मग म्हणाले, "आत्याला पाठव हे. आणि त्या हेजहॉगचा फोटो टाक, नाहीतर तिला साळिंदरच वाटेल."

फोटो खाली टाकलाय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.